कात्री दुसऱ्याच्या हातात

७ नोव्हेंबर, गुरुवार

नव्या शिक्षकांनी रोज चार ओळी तरी लिहाव्यात, असं लिसांद्राचं म्हणणं आहे. कुणी वाचणार नाही, स्वतःसाठी लिहायच्या. लिसांद्रा म्हणजे आमच्या संस्थेत शिक्षकांना शिकवायला नेमलेली मुलगी. माझ्या भाचीच्या वयाची. हातात कायम पाण्याची बाटली, आणि उभ्या जन्मात तिने कुणाच्या केसांना कात्री लावलेली नाही. केस कापणं कसं शिकवायचं, ते ती मला सांगणार. आमच्या मायाग्वेस शहरातल्या अर्ध्या बायकांची डोकी माझ्या हाताखालून गेली आहेत, पण असो. पगार देतात, तर लिहू चार ओळी.

आज गुरुवार, म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकांचा दिवस. माझ्या वर्गातल्या मुली केस कापतात, दर बाजारापेक्षा निम्म्याहून कमी. सकाळी दार उघडलं तर रांग पार बेकरीपर्यंत गेलेली. शेजारी नर्सिंगच्या वर्गात रक्तदाब फुकट मोजून देतात, तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. आमच्या मुख्याध्यापिका आपोंतेबाई गॅलरीतून रांग बघत होत्या. म्हणाल्या, "नेरेइदा, तू आलीस ऑगस्टमध्ये, आणि इतक्यात तुझ्या मुलींचं नाव झालं की." मी म्हटलं, मुली गुणी आहेत. त्यात खोटं काही नाही. जरा हळू आहेत, एवढंच. म्हणून शेवटी शेवटी मी हात लावते.

दोन्या प्रोविदेन्सिया, वयाचा मान म्हणून दोन्या म्हणायचं, आज पुन्हा आली होती. महिन्यातून दोनदा येते, एवढे केस हिचे वाढतात तरी कुठे! तिला ग्लोरिमारच्या खुर्चीवर बसवलं. ग्लोरिमारने सुरुवात बरी केली, पण कात्री परत डाव्या हातात. ती काढून मी उजव्या हातात दिली. रोजचं आहे हे. मग ती अडखळायला लागली, वेळ जात होता, म्हणून मीच पुरं केलं. प्रोविदेन्सिया खूश झाली आणि माझ्यासाठी चीज भरलेली गोड पोळी ठेवून गेली. ग्लोरिमारला नाही दिली. म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात राहत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज सराव परीक्षा होती. सात मुलींपैकी पाच नापास.

मला खालच्या ऑफिसात बसवून ठेवलं होतं, वर्गात यायची परवानगी नव्हती. प्रत्येकीने एकटीने एक डोकं पहिल्यापासून शेवटपर्यंत कापायचं, एवढंच तर होतं. ज्या मुली गुरुवारी इतकं देखणं काम करतात, त्या सोमवारी सगळं विसरल्या? बाहेरच्या परीक्षक बाईंच्या चेहऱ्यानेच घाबरल्या असणार. ती बाई हसतच नाही.

ग्लोरिमारचं सगळ्यात वाईट झालं. बॉबकट अर्ध्यावर सोडून नुसती उभी राहिली म्हणे. "पुढे काय करायचं ते मला माहीत नाही," असं तिने परीक्षकांना सांगितलं. माहीत नाही कसं? शेवट कसा करायचा ते मी तिला माझ्या हातांनी किती वेळा करून दाखवलंय.

दुपारी ती जिन्यात बसली होती. मी शेजारी बसले. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. खरी परीक्षा जानेवारीत आहे. ती पास झाली तर ओर्मिगेरोसला तिच्या मावशीच्या पार्लरमध्ये एक खुर्ची तिची. मावशीने खुर्ची अडवून ठेवली आहे, पण जानेवारीपर्यंतच.

"आणि नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर समुद्रापलीकडे, ओरलँडोला. बहिणीने हॉटेलात सांगून ठेवलंय. चादरी बदलायला परीक्षा लागत नाही, मिसी."

तिची आई इथे, आजी इथे, घरामागचं आंब्याचं झाड इथे. मला म्हणाली, तिकडे जाऊन आलेले सगळे सांगतात की छान आहे, आणि सांगताना सगळे खिडकीबाहेर बघतात. तिचा भांग वाकडा होता तो तेवढा सरळ करून दिला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लिसांद्रा आज दिवसभर माझ्या वर्गात कोपऱ्यात स्टूल टाकून बसली. मध्येमध्ये फोन वर धरत होती. मला वाटलं, मुलींचे फोटो काढतेय.

संध्याकाळी तिने विचारलं, "मिसेस इरिसारी, आज कात्री जास्त वेळ कुणाच्या हातात होती?"

मी म्हटलं, कुणाच्या म्हणजे, मुलींच्या. शाळा त्यांची आहे.

तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर मी. सुहेइलीच्या खुर्चीपाशी मी, कात्री माझ्या हातात, सुहेइली कंगवा घेऊन बाजूला उभी. मग ग्लोरिमारच्या खुर्चीपाशी मी. मग तिसरीच्या. मी कुणाला ढकलते, असं म्हणता येणार नाही. पण खांदा असा मध्ये घालते की समोरच्या माणसाला मागे सरण्यावाचून इलाज राहत नाही. आणि पडद्यावरच्या सगळ्या मुली माझ्याकडे बघतच नव्हत्या. खिडकीकडे बघत होत्या. एक तर चक्क जांभई देत होती.

त्यात मी जाडही दिसते.

लिसांद्रा फार नरम आवाजात बोलते, त्याने जास्त राग येतो. म्हणाली, मुली सुरुवात शिकल्या आहेत, शेवट शिकल्या नाहीत, कारण शेवट नेहमी तुमचा असतो. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला अर्धवट डोक्याने घरी पाठवू का? ती म्हणाली, नाही, पण मुलीला पुरं करू द्या, मग तुम्ही बघा. मी म्हटलं, तू कधी कुणाचं डोकं खराब झालेलं उघड्या डोळ्यांनी बघितलं आहेस का? हात बांधून उभं राहायला जिवावर येतं.

"तेच तर शिकवणं आहे," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत मी तिला मनात बरंच काही सुनावलं. मग भांडी घासताना ती जांभई देणारी मुलगी डोळ्यांपुढून जाईना.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

प्रयत्न केला. देवाशपथ केला.

पहिला उपाय, हात मागे बांधून उभं राहायचं. सुहेइलीने एक बट जरा जास्त उचलली आणि माझे हात कधी पुढे आले ते मलाच कळलं नाही. लिसांद्राने कोपऱ्यातून खोकून सांगितलं. दुसरा उपाय तिचाच, दोन्ही हातांत कॉफीचा कप धरायचा. ग्लोरिमारच्या गिऱ्हाइकाच्या मानेवर रेषा तिरकी जायला लागली तशी मी कप ठेवायला जागा शोधली, ती सापडली नाही, आणि कॉफी त्या बाईच्या अंगावरच्या कापडावर. बाई भली होती, म्हणाली कॉफी निदान गरम तरी होती.

मुली तोंड दाबून हसत होत्या. मला राग यायला हवा होता, पण या वर्गात इतकं हसू मी याआधी ऐकलंच नव्हतं.

एसी तपासायला एलिएसेर आला होता. तो एसी आणि फ्रिज दुरुस्तीचा वर्ग घेतो, माझ्यासारखाच विधुर, म्हणजे मी विधवा, तो विधुर. या महिन्यात एसी तपासायची त्याची ही चौथी खेप. एसीला काही झालेलं नाही. माझ्या हातच्या कॉफीला चटावलाय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज मला माझीच लाज वाटली, ते इथे लिहून ठेवते.

जेवणाच्या सुट्टीत लिसांद्रा सहज म्हणाली, "ग्लोरिमार डावरी आहे ना?" मी म्हटलं, छे, तिला खोड आहे, मी मोडतेय. लिसांद्राने फक्त कँटीनच्या पलीकडच्या टेबलाकडे बघितलं. मीही बघितलं. ग्लोरिमार डाव्या हाताने भात खात होती. मग डाव्या हाताने केळं सोललं. मग डाव्या हाताने मैत्रिणीच्या पाठीत धपका घातला, आणि तो चांगला नेमका बसला.

चार महिने मी रोज या मुलीच्या हातातली कात्री काढून दुसऱ्या हातात देतेय, आणि ती जेवते कोणत्या हाताने हे मला माहीत नाही. मी ज्या अकादमीत शिकले तिथे डावा हात म्हणजे दोषच. शिकवणारी बाई बोटांवर कंगवा मारायची. मी मारत नाही, म्हणून मला वाटायचं की मी चांगली.

डावऱ्यांची कात्री वेगळी मिळते. धार उलट्या बाजूला असते, मूठही उलटी. मला ठाऊक होतं, पण कधी गरज पडली नव्हती. म्हणजे पडली असेल, मला दिसली नसेल. लिसांद्राने तिथल्या तिथे फोनवरून मागवली. यायला वेळ लागेल.

मी ग्लोरिमारला म्हटलं, उद्यापासून डावा हात. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मिसी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

५ डिसेंबर, गुरुवार

तुरीच्या शेंगा!

काल एलिएसेर त्याच्या आईच्या परसातल्या ओल्या शेंगांची मोठी पिशवी देऊन गेला. सणाच्या भातासाठी, म्हणाला. एवढ्या शेंगा एकटीने सोलायच्या कधी? मी म्हटलं, वर्गात नेऊ, डब्यांची वेळ होईपर्यंत चार मुठी तरी होतील. सकाळी मुलींनी कापायला घेतलं आणि मी खुर्चीत बसून मांडीवर टोपलं घेतलं. शेंगेचा चीक बोटांना लागला की बोटं काळपट चिकट होतात, साबणाने दोनदा धुवावी लागतात. अशा हातांनी कुणाच्या धुतलेल्या केसांना कोण शिवेल?

दहाच्या सुमाराला सुहेइलीची बट चुकली. माझे हात उठले, मला ते काळे दिसले, आणि ते खाली आले. मी पुढची शेंग उचलली. सुहेइलीने आरशात बघितलं, थोडी थांबली, आणि चूक तिची तिनेच धरली.

मी दिवसभर सोलत बसले. लिसांद्रा कोपऱ्यात हसत होती, पण चांगलं हसत होती. तिने मला एकच गोष्ट सांगून ठेवली होती. सांगावंसं वाटलं की सांगायचं नाही, विचारायचं. "काय दिसतंय?" एवढंच. मी दिवसभर तेच विचारलं. काय दिसतंय, मुली? आणि मुलींना सगळं दिसत होतं हो. रेषा तिरकी दिसत होती, कानामागचा जाड पट्टा दिसत होता. मी तोंड उघडण्याआधी त्यांना दिसत होतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दुपारी प्रोविदेन्सिया आली. ग्लोरिमारच्या खुर्चीवर बसली, माझ्या टोपल्याकडे बघितलं, आणि सरळ विचारलं, "तू कधी उठणार?"

मी म्हटलं, आज मी उठत नाही, आज ग्लोरिमारच पुरं करणार.

"मग मी येते कशाला?"

"केस कापायला, दोन्या."

"बाई गं, मी येते ते तू कात्री हिसकावून घेतेस म्हणून. निम्म्या पैशात नेरेइदा इरिसारीचा हात. सगळ्याच त्यासाठी येतात. तुला काय वाटलं?"

रांगेतल्या बायका खाली बघू लागल्या. एक जण पर्स उघडून उगाच काहीतरी शोधू लागली.

१२ डिसेंबर, गुरुवार

रांग नव्हती. दोन बायका, त्यातली एक चुकून नर्सिंगऐवजी इकडे आलेली.

खरं लिहायचं तर मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आतून उकळ्याही फुटत होत्या. चार महिने रांग लागली ती माझ्यासाठी. एवढ्या बायका, उन्हात उभ्या, माझ्या हातासाठी. कुणाला गुदगुल्या होणार नाहीत? पण मग मुली रिकाम्या खुर्च्यांशी उभ्या दिसल्या आणि मनातल्या मनात मी स्वतःला दोन थोबाडीत दिल्या.

आपोंतेबाईंनी बोलावलं. रांग गेली कुठे, म्हणाल्या. मी सांगायला तोंड उघडलं, पण लिसांद्राच बोलली. म्हणाली, रांग शिक्षिकेची होती, आता मुलींची तयार होतेय, जानेवारीपर्यंत थांबा. आपोंतेबाईंनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाल्या, जानेवारीत सात मुली बसतील, चारपेक्षा कमी पास झाल्या तर मला वर्गाचा विचार करावा लागेल. लिसांद्रा बाटलीतून पाणी प्यायली आणि तिने झाकण न लावताच बाटली आडवी ठेवली. ही मुलगी माझ्यासाठी घाबरली होती. मी मनात तिला जे जे सुनावलं होतं ते सगळं मागे घेते.

गिऱ्हाइकं हवीत ना? मुलींनीच उपाय काढला. आपापल्या आया, मावश्या, आत्या आणायच्या. सुहेइलीने चर्चमधल्या सगळ्या बायकांना शब्द देऊन टाकलाय.

१९ डिसेंबर, गुरुवार

कात्री आली. ग्लोरिमारने डब्यातून काढली, डाव्या हातात घेतली, हवेत दोनदा चालवली आणि खुर्चीवर बसून राहिली. मी विचारलं, काय झालं गं. म्हणाली, "दुखत नाही, मिसी." अंगठा दुखायचा तिला, इतके महिने. बोलली नाही. मला वाटलं होतं, ती आळशी आहे म्हणून सारखी थांबते.

तिला शिकवायची तऱ्हा मला सापडली आणि ती माझी मला सापडली, लिसांद्राने सांगितलेली नाही. इतरांच्या मी शेजारी उभी राहते. ग्लोरिमारच्या समोर उभं राहायचं, मध्ये डमीचं डोकं. माझा उजवा हात तिला आरशातल्यासारखा डावा दिसतो. मी हवेत नुसतं दाखवते, ती खरं कापते. आम्ही दोघी समोरासमोर हात हलवत असतो, बघणाऱ्याला वाटेल नाच चाललाय.

आज तिने तिच्या आईचे केस कापले, एकटीने, शेवटपर्यंत. मागची बाजू चांगली झाली नाही. मी शेंगा सोलत राहिले आणि विचारलं, काय दिसतंय? ती म्हणाली, "मागे पायऱ्या दिसतायत." मग तिने त्या नीट केल्या. आई आरशात बघून म्हणाली, "हे माझ्या मुलीने कापलेत?" आणि फोन काढून ग्लोरिमारच्या ओरलँडोच्या बहिणीला दाखवायला लागली. बहीण तिकडून म्हणत होती, छान झालेत गं, छान झालेत, पण आवाज जरा पडलेला होता. तिलाही सोबत हवी असणार.

शेंगांची लागण झाली आहे. मोटार दुरुस्तीचे मास्तर रोज विद्यार्थ्याच्या हातातून पाना काढून घेतात, त्यांनी माझ्याकडे येऊन दोन मुठी मागितल्या. आज शिक्षकांच्या खोलीत पाच जण टोपली घेऊन बसले होते आणि वर्गांतून मुलांचे आवाज येत होते. आपोंतेबाईंनी दारातून बघितलं, मग आत येऊन त्याही सोलायला बसल्या. एलिएसेरला त्याच्या आईच्या शेंगांचा फार कंटाळा आला असावा. रोज नवी पिशवी आणून मलाच देतो.

९ जानेवारी, गुरुवार

नाताळामागून येणारा राजांचा सण झाला, घरात अजून केळीच्या पानांत बांधून उकडलेल्या पास्तेलेसचा वास आहे. एलिएसेरच्या आईने मला जेवायला बोलावलं होतं. का ते कळलं नाही, पण भात उत्तम होता. म्हातारी सारखी माझ्या ताटात वाढत होती आणि मुलाकडे बघत होती. मुलगा घामाघूम. त्यांच्या घरात एसी नाही.

आता परीक्षेचं. प्रत्येक मुलीने आपलं डोकं म्हणजे मॉडेल आणायचं. आईला आणता येत नाही, बहिणीला नाही, घरचं कुणीच नको. ग्लोरिमारने कुणाला गाठलं असेल? प्रोविदेन्सियाला. तिचे केस दाट आहेत, परीक्षकांना आवडतील, म्हणते. मी प्रोविदेन्सियाला विचारलं, नक्की येशील ना? ती गूढ हसली आणि म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी तरी तू मुलीला वाऱ्यावर सोडणार नाहीस, मला ठाऊक आहे." मला वाटलं, माझं कौतुक करतेय.

रात्री झोप नीट येत नाही. सहा जणी निघतील, असं आता वाटतं. ग्लोरिमारचं सांगता येत नाही. तिला चूक दिसते, पण कधीकधी फार उशिरा दिसते, कापड काढल्यावर, दिवा बंद केल्यावर. तिथे नेमका उशीर नडतो.

२३ जानेवारी, गुरुवार

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मीच विश्वास ठेवायची नाही.

परीक्षा वरच्या मजल्यावर. शिक्षकांना वर जायला मनाई, म्हणून मी खाली जिन्याशी बाकावर बसले. एलिएसेरचा वर्ग असूनही तो कसा कोण जाणे शेजारी बसला होता. परीक्षक तीच न हसणारी बाई. मुली पांढरे कोट घालून, आपापली मॉडेल घेऊन वर गेल्या, ग्लोरिमार सगळ्यात शेवटी, तिने मागे वळून बघितलं नाही.

थोड्याच वेळात प्रोविदेन्सिया पर्स काखेत मारून जिना उतरत आली.

"तू वर का नाहीस?" तिने मलाच विचारलं.

"मला परवानगी नाही, दोन्या. शिक्षकाला नसते."

"म्हणजे ती पोर एकटी कापणार?"

"एकटीच. परीक्षा आहे ती."

"मग माझी वीस वर्षांची मेहनत आहे या केसांत," ती म्हणाली आणि सरळ दाराबाहेर. मी मागे धावले, हाका मारल्या. ती बेकरीच्या कोपऱ्यावर वळलीसुद्धा. तिला मी दोष कसा देऊ? नेरेइदा हिसकावते, ही खात्री तिला माझ्याशिवाय कुणी दिली होती?

लिसांद्राला स्वतःचा वर्ग नाही, म्हणून तिला वर मुभा होती, ती धावत खाली आली. मॉडेल नसेल तर ग्लोरिमार गैरहजर धरली जाणार, बाई थोडा वेळ थांबायला तयार आहेत, कुणीतरी हवं, आत्ता. लिसांद्राचे स्वतःचे केस मुलांसारखे बारीक. एलिएसेर उठला, त्याने टोपी काढली आणि लगेच परत घातली. तिथे परीक्षा घेण्यासारखं काही नव्हतं.

मी जिना चढले. परीक्षक बाईंना सांगितलं, मी तिची शिक्षिका आहे, पण घरची नाही, नियमात घरची नको एवढंच आहे. बाईंनी कागद वाचला, मला वाचलं, परत कागद वाचला.

"मॉडेलने बोलायचं नाही. मान हलवायची नाही. खूण करायची नाही. जमेल?"

मी म्हटलं जमेल. लिसांद्राने माझ्याकडे बघायचं टाळलं.

ग्लोरिमारचा चेहरा कोटापेक्षा पांढरा होता. तिने मला खुर्चीत बसवलं, कापड गळ्याशी बांधलं, माझे दोन्ही हात त्या कापडाखाली गेले. खुर्ची आरशाकडे पाठ करून. एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती आणि तेव्हाही सांगू शकत नव्हते. माझ्या लग्नापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही. दोन आरसे समोरासमोर ठेवून मी माझे मीच कापते, कारण कुणाचं काम मला पटत नाही. म्हणून पहिली बट पडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले की कान उघडतात. तिची कात्री पलीकडून ऐकू येत होती, माझ्या सवयीच्या उलट बाजूने, आणि तिला चाल होती. बट धरली, कापली, सोडली, विंचरली. थांबत नव्हती. मनातल्या मनात मी तिच्याबरोबर हात हलवत होते. मागचं झालं. डावीकडचं झालं. उजव्या कानामागे ती आली आणि मला ऐकू आलं. एक पट्टा राहिला. वरचा धरला, खालचा सुटला. माझं काम मी कानाने ओळखते, शंकाच नाही.

ती पुढे गेली.

माझी जीभ दातांखाली, हात कापडाखाली मुठी वळून. एक शब्द पुरला असता. मान तसूभर उजवीकडे नेली असती तरी ती समजली असती. पण मग तो शेवट पुन्हा माझाच झाला असता. तिने ड्रायर घेतला, केस वाळवले. तिने ड्रायर ठेवला. ब्रश ठेवला. आता ती कापड काढणार आणि मग तिला दिसणार, नेहमीसारखं.

तिने कापड काढलं नाही. पावलं ऐकू आली, ती खुर्चीभोवती फिरत होती, सावकाश, एक पूर्ण चक्कर. उजव्या कानाशी थांबली. वाकली. तिचा श्वास माझ्या मानेवर आला. आणि अगदी हळू, स्वतःशीच, ती म्हणाली, "काय दिसतंय?"

मग कात्री उचलल्याचा आवाज, आणि तो राहिलेला पट्टा माझ्या खांद्यावर पडला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. परीक्षक बाईंनी विचारलं, लागलं का कुठे? बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

सातही पास. ग्लोरिमार सगळ्यांत वरच्या गुणांनी नाही, तिसरी. निकाल ऐकून तिने जिन्यातूनच बहिणीला फोन लावला आणि म्हणाली, "तुझ्या चादरी तूच बदल गं बाई, सुट्टीला ये, तुझे केस फुकट कापते." मग दोघी रडल्या, एक इथे आणि एक तिकडे. लिसांद्राने मला मिठी मारली, तिची पाण्याची बाटली माझ्या पाठीत रुतली, तरी मी सोडलं नाही. आपोंतेबाई म्हणाल्या, पुढच्या तुकडीला नव्या शिक्षिका येताहेत, त्यांच्या वर्गात कोपऱ्यात बसशील का? मी म्हटलं, बसेन, पण फोन धरायला लिसांद्राच हवी, मला तो जमत नाही. एलिएसेर माझ्याकडे नुसता बघत राहिला आणि म्हणाला, सुंदर. मी म्हटलं, हो ना, पोरीने काम चांगलं केलंय. त्याने टोपी काढली, घातली आणि निघून गेला. याला झालंय काय, एकदा विचारायला हवं.

घरी आल्यावर दोन आरसे समोरासमोर धरले. डावी बाजू उजवीपेक्षा लांब आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. परीक्षक बाईंना दिसली नाही, कुणालाच दिसणार नाही. माझी कात्री खणात, हाताच्या अंतरावर. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.

खण उघडला नाही. लिपस्टिक लावली, चांगली चप्पल घातली, आणि आता बाहेर निघाले आहे. आधी बेकरीत, मग चौकात, मग प्रोविदेन्सियाच्या दारावरून दोनदा. कुणीतरी विचारणारच, कुणी कापले. विचारलं की सांगणार. ग्लोरिमार सेदा, ओर्मिगेरोस, मावशीचं पार्लर, चर्चच्या पायऱ्यांसमोर, सोमवारपासून.